वर्गांत झुंज नको, शोध हवा

गेल्या महिन्यांत एका महाविद्यालयाच्या वादविवाद-स्पर्धेस परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आम्हांवर आला. विषय होता, "आरक्षण बंद झालें पाहिजे." चौदा विद्यार्थी बोलले. कोणीं कोणत्या बाजूनें बोलावयाचें, तें चिठ्ठ्या टाकून ठरविलें होतें. म्हणजे बोलणाराचें मत काय आहे हें कोणी विचारलें नाहीं, आणि त्याला विषयाची माहिती किती आहे हेंहि कोणी विचारलें नाहीं. पहिलें बक्षीस एका मुलीस मिळालें. तिनें आरक्षणाविरुद्ध असें कांहीं झणझणीत भाषण केलें कीं, टाळ्यांनीं सभागृह दणाणून गेलें. समारंभ आटोपल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली व हळूच म्हणाली, "सर, मी स्वतः राखीव जागेवर शिकतें. चिठ्ठी त्या बाजूची निघाली म्हणून तसें बोललें. आतां मैत्रिणी म्हणतात, बघ, तुलासुद्धां पटतंय! सर, खरें काय आहे, तें मला कोठें वाचायला मिळेल?"

त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या हातांतील गुणपत्रिकेंत नव्हतें. उच्चार, हावभाव, आत्मविश्वास, वेळेचें भान, प्रतिपक्षाचें खंडन असे रकाने त्या कागदावर आंखलेले होते. 'बोललें तें खरें आहे काय?' हा एकच रकाना तेवढा राहून गेला होता. आम्हींहि त्या दिवशीं मुकाट्यानें गुण भरले व नारळ-शाल घेऊन घरीं आलों. ही चूक आम्ही प्रथम पदरांत घेतों, आणि मगच पुढें चार शब्द लिहितों.

राहून गेलेल्या त्या रकान्याचा परिणाम काय झाला, तो पाहा. बहुतेक वक्त्यांनीं 'घटनेंत आरक्षण फक्त दहा वर्षांपुरतें होतें' असें ठासून सांगितलें. विरुद्ध बाजू म्हणे, दहा वर्षांचीं पाऊणशें वर्षें कशीं झालीं? अनुकूल बाजू बिचारी त्याचें समर्थन करीत बसली. दोहोंपैकीं एकानेंहि घटनेचें पुस्तक उघडलें नव्हतें. दहा वर्षांची मुदत आहे ती ३३४ व्या कलमांत, आणि तें कलम लोकसभा व विधानसभा यांतील राखीव जागांचें आहे. ती मुदत दर दहा वर्षांनीं वाढत गेली व २०१९ सालच्या १०४ व्या घटनादुरुस्तीनें अनुसूचित जाती-जमातींपुरती २०३० पर्यंत पोंचली. शिक्षणाचें कलम १५(४) आणि सरकारी नोकऱ्यांचें कलम १६(४) यांत वर्षांची कसलीहि मुदत घातलेली नाहीं. कलम १५(४) तर १९५० सालीं घटनेंत नव्हतेंच. मद्रास इलाख्यांतील जातवार जागावांटपाचा हुकूम १९५१ सालीं चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला, आणि त्यावर त्याच वर्षीं पहिली घटनादुरुस्ती होऊन तें कलम घालण्यांत आलें.

आतां मुदत असावी कीं नसावी, हा मतभेदाचा प्रश्न खुशाल असूं द्या. पण मुदत आहे कीं नाहीं, हा मतभेदाचा प्रश्नच नव्हे; तो पुस्तक उघडण्याचा प्रश्न आहे. पंधरा मिनिटांत सुटणारी गोष्ट तीन तासांच्या वादांत सुटली नाहीं, कारण त्या तीन तासांत ती कोणालाच सोडवावयाची नव्हती. प्रत्येकाला जिंकावयाचें होतें!

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. वक्तृत्वाच्या व वादविवादाच्या स्पर्धा बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चारचौघांत तोंड उघडण्याची चोरी होती, त्या घरांतील लेकरू ध्वनिक्षेपकासमोर ताठ उभें राहतें, हा आम्हांस सोहळाच वाटतो. परंतु वादविवाद ही वकिली आहे. वकील आपल्या अशिलाच्या सोयीचा पुरावा हुडकतो. शोध करणारा मनुष्य आपल्या मताविरुद्धचा पुरावा आधीं हुडकतो. हल्लीं शाळा-कॉलेजांतून 'चिकित्सक विचार' शिकविण्याची भाषा फार ऐकूं येते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत त्याचा पुनःपुन्हां उल्लेख आहे, आणि शोधक बुद्धीची वाढ करणें हें तर घटनेच्या ५१-क कलमानें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्यच ठरविलें आहे. तेव्हां ज्या शाळेंत हा तास खरोखरीच ठेवला जाईल, त्या शाळेस आमची सूचना अशी कीं, त्या तासांत मुलांना समोरासमोर उभें करूं नका. त्यांना एका बाकावर शेजारीं शेजारीं बसवा, समाजांतला धगधगता प्रश्न मधें ठेवा, आणि सगळ्यांनीं मिळून त्याचा शोध करा.

ही कांहीं परदेशांतून आणलेली टूम नव्हे. ज्यांच्या नांवानें आपण जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करतों, त्या जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जो समाज काढला, त्याचें नांव त्यांनीं 'सत्यवक्ता' किंवा 'सत्यविजयी' असें ठेवलें नाहीं. 'सत्यशोधक' असें ठेवलें. सत्य आमच्या खिशांत आहे, असा त्या नांवाचा अर्थ नाहीं. तें हुडकावें लागतें, असा आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन ठेवलें, त्यांत आमच्या मुलांना शिकवा हो, एवढीच काकुळती नव्हती. सरकारी तिजोरींत भर कोणाच्या घामाची पडते आणि शिक्षणाचा लाभ कोणाच्या पदरांत जातो, हा हिशेब त्यांनीं मांडला. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करा, अशा नेमक्या मागण्या केल्या.

आणि त्याच्याहि आधीं, १८५५ सालीं, त्यांच्याच शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजांतील मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिती झाली व 'ज्ञानोदय' पत्रानें तो दोन अंकांत छापला. बाजीरावाच्या अमदानींत आपल्या लोकांचे काय हाल झाले, जमिनीवरून त्यांस कसें हुसकून लावलें, बाळंतपणाच्या वेळीं आयाबायांच्या डोक्यावर छप्परहि कसें नसे, हें तिनें लिहिलें; आणि ज्या लोकांस वेद वाचण्याची मनाई आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा उलटा सवाल केला. शाळकरी पोरीला असले वादग्रस्त विषय झेपतील काय, अशी शंका घेणारांना मुक्तेनें सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं उत्तर देऊन ठेवलें आहे. त्यानंतर आम्हीं काय केलें? तर तिची तसबीर भिंतीवर लावली, आणि खालीं बसलेल्या मुलींना दहा ओळींचें पाठ केलेलें भाषण दिलें!

आतां कोणी विचारील कीं, खेड्यांतल्या शाळेनें शोध करावयाचा तो कशांत? पुस्तकालय नाहीं, साधनें नाहीं. आमचें उत्तर असें कीं, कांखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशांतली ही गोष्ट आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटांत शाळेचें जनरल रजिस्टर आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदी हुडकण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां याच जुन्या रजिस्टरांना, जन्ममृत्यूच्या गांव नमुना चौदाला आणि कोतवाल बुकांना एकाएकीं सोन्याचें मोल आलें. मोडी वाचणारे लोक हुडकीत अधिकारी हिंडले. त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रास कळलें कीं, आपल्या सामाजिक इतिहासाचे कागद मुंबई-दिल्लींतच असतात असें नाहीं. ते आपल्या गांवच्या शाळेंतहि असतात. पण दाखल्यासाठीं रजिस्टर उघडणें निराळें आणि शहाणपणासाठीं उघडणें निराळें.

त्या रजिस्टरांत दाखल झाल्याची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते, आणि सोडण्याचें कारणहि असतें. शिक्षकानें नांवें झांकून केवळ आंकडे फळ्यावर मांडावे. दर दहा वर्षांत मुली किती दाखल झाल्या? कोणत्या समाजाचें पहिलें मूल कोणत्या सालीं आलें? चौथीच्या पुढें कोण गेलें, कोण गळालें? एवढ्या तीन प्रश्नांवर वर्गाचे तीन महिने सहज जातील. मग मुलांनीं घरच्या आजीस विचारावें, 'आजी, तूं शाळा कां सोडलीस?' रजिस्टरांत कारण लिहिलें असेल 'सतत गैरहजर', आणि आजी सांगेल, 'धाकट्या भावाला कोण सांभाळणार होतं?' त्या दोन उत्तरांमधलें अंतर ज्या मुलास दिसलें, त्यास चिकित्सा म्हणजे काय, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. कागद खोटा बोलतो असें नव्हे. कागद किती बोलतो आणि कोठें गप्प बसतो, हें त्यास कळूं लागतें.

पुढची पायरी आंकड्यांची मर्यादा ओळखण्याची. एका गांवच्या रजिस्टरावरून साऱ्या राज्याविषयीं निकाल देतां येत नाहीं, हें मुलांस सांगावें, आणि मग मोठे आंकडे दाखवावे. या देशांत जातवार पूर्ण शिरगणती प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ सालची. मंडल आयोगानें १९८० सालीं इतर मागासवर्ग ५२ टक्के धरले, ते त्या जुन्या शिरगणतीच्या आधारानें. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या २७ टक्के जागा मान्य केल्या, ५० टक्क्यांची मर्यादा घातली व उन्नत गटास वगळावयास सांगितलें. ३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें पुढील जनगणनेंत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. 'आम्ही इतके टक्के' म्हणून जो तो छाती ठोकतो. त्यास वर्गांतल्या एखाद्या पोरानें नम्रपणें विचारावें, 'काका, हा आंकडा कोणत्या सालचा?' एवढा एक प्रश्न विचारणारीं पोरें गांवोगांव निघालीं, तरी निम्म्या सभांचा आवाज खालीं येईल.

या कामास शिस्त मात्र पाहिजे. आमची सूचना अशी कीं, चार-पांच मुलांचा एक गट करावा, आणि तो निरनिराळ्या आळींतल्या मुलामुलींचा असावा. गटाची वही एकच. वहींत चार रकाने आंखावे : पाहिलेलें, वाचलेलें, ऐकलेलें आणि वाटलेलें. प्रत्येक वाक्य त्यांपैकीं एका रकान्यांत पडलेंच पाहिजे. 'राखीव जागेवरचे डॉक्टर कच्चे असतात' हें वाक्य कोणत्या रकान्यांत घालावयाचें, यावर वर्ग एकदां थांबला, म्हणजे अर्धें काम झालें. दुसरा नियम असा कीं, ज्याचें जें मत असेल त्यानें त्याच्या उलट बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आणून द्यावा. आणि तिसरा असा कीं, शेवटीं टिपण सर्वांनीं मिळून लिहावें. जेथें एकमत झालें नाहीं तेथें 'आमचें येथें जमलें नाहीं, कारण अमुक' असें स्वच्छ लिहून खालीं सह्या कराव्या. एकमताचा देखावा करण्यापेक्षां प्रामाणिक मतभेदाची नोंद शंभरपट मोलाची आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, असल्या विषयांनीं वर्गांत जात शिरेल व मुलें भांडतील. आम्ही विचारतों, जात वर्गाच्या बाहेर होती केव्हां? शिष्यवृत्तीचे अर्ज भरतांना भर वर्गांत उभें करून जात विचारली जाते, तेव्हां ती आंत येत नाहीं काय? मधल्या सुटींत कोण कोणाच्या डब्यांत हात घालतें आणि कोण घालीत नाहीं, तें पोरांस दिसत नाहीं काय? जात वर्गांत आहेच; तेथें नाहीं ती तिच्याविषयींची सभ्य, पुराव्यानिशीं बोललेली भाषा. ती शाळेंत शिकविली नाहीं, तर मुलें ती मोबाईलवरून शिकतात, आणि तेथला शिक्षक कोण आहे हें कोणाच्याहि आईबापांस ठाऊक नसतें.

दुसरा आक्षेप शिक्षकाविषयीं. त्यानें आपलें मत मुलांच्या गळीं उतरविलें तर? ही भीति खरी आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या शिक्षकांविषयीं खरी आहे. या बाबतींत इतरांच्या अनुभवाकडे पाहणें बरें. इंग्लंडांत १९६७ सालीं लॉरेन्स स्टेनहाउस यांनीं चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीं असाच एक उपक्रम काढला. युद्ध, गरिबी, कुटुंब, स्त्रीपुरुषसंबंध असे वादाचे विषय; मुलांच्या हातीं कागदपत्रांचे संच; आणि शिक्षक हा सभेच्या अध्यक्षासारखा, म्हणजे चर्चा नीट चालवील पण आपल्या अधिकाराचें वजन एका पारड्यांत टाकणार नाहीं. पण वंशभेदाच्या प्रश्नावरचा संच छापण्याची वेळ आली, तेव्हां वरच्या मंडळानें तो छापण्यास नकार दिला. पोरें भ्याली नव्हतीं, म्हातारे भ्याले! पुढें १९७६ सालीं जर्मनींत बॉइटेल्सबाख या गांवीं शिक्षणतज्ज्ञांची बैठक होऊन तीन तत्त्वें ठरलीं : विद्यार्थ्याच्या मनावर आपलें मत लादूं नये, जें समाजांत व विद्वानांत वादग्रस्त आहे तें वर्गांतहि वादग्रस्त म्हणूनच मांडावें, आणि विद्यार्थ्यास आपली स्वतःची परिस्थिति व आपलें हित ओळखण्याची ताकद यावी. यांतलें तिसरें तत्त्व आमच्या बहुजनसमाजानें विशेष ध्यानांत ठेवावें. पहिल्या दोन तत्त्वांनीं शिक्षकाचा तोल राहतो. तिसऱ्यानें गरिबाच्या पोरास डोळे येतात.

परंतु तोल सांभाळणें म्हणजे सर्वच गोष्टी तराजूंत घालणें नव्हे. अस्पृश्यता असावी कीं नसावी, हा वर्गांत घेण्याचा वाद नाहीं. १७ व्या कलमानें तो निकालांत निघालेला आहे. मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे कीं नाहीं, हाहि नाहीं. ती बरोबरी व्यवहारांत कां उतरत नाहीं, हा शोधाचा विषय आहे. कोणाहि मुलाचें मनुष्यत्व चर्चेस ठेवावयाचें नाहीं, ही पहिली लक्ष्मणरेषा. आणि कोणाहि मुलास त्याच्या जातीचा साक्षीदार म्हणून उभें करावयाचें नाहीं, ही दुसरी. 'तूं त्यांच्यांतला, तूंच सांग' असें म्हणणारा शिक्षक शोध करीत नाहीं. तो पोराची जाहीर तपासणी करतो. त्या स्पर्धेंतल्या मुलीवर गुदरलें तें नेमकें हेंच.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आमच्या वाचकांस कडू लागेल. शोधाचा दिवा शेजाऱ्याच्याच घरांत लावावयाचा, असें चालत नाहीं. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, ही रीत ज्यांची म्हणून आपण इतकीं वर्षें ओरडलों, ती आपलीहि होऊं लागली आहे. १९०२ सालीं २६ जुलैस शाहू छत्रपतींनीं करवीर दरबारांत मागासलेल्या वर्गांसाठीं ५० टक्के जागा राखल्या, हें आपण अभिमानानें सांगतों. मग मुलें विचारतील कीं, त्या जागा कोणाकोणास मिळाल्या आणि कोणापर्यंत अजून पोंचल्याच नाहींत? १ ऑगस्ट २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं सहा विरुद्ध एक अशा मतांनीं अनुसूचित जातींत पोटवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. त्यावर लहानमोठ्या जातींचीं मतें भिन्न आहेत, आणि मुलें दोन्ही ऐकतील. तीं विचारतील कीं, गांवकुसाबाहेरच्या माणसावर हात उगारणारा प्रत्येक वेळीं भटजीच असतो काय? तीं विचारतील कीं, महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं मुलीला वडिलोपार्जित इस्टेटींत मुलाइतका हक्क दिला, तर आमच्या आत्याचें नांव सातबाऱ्यावर कां नाहीं. तिनें हक्कसोडपत्रावर सही केली ती राजीखुषीनें कीं माहेर तुटेल या धाकानें?

हे प्रश्न पोरांनीं घरीं आणले म्हणजे कांहीं पालक शाळेवर मोर्चा नेतील, हें आम्हांस दिसतें आहे. त्या दिवशीं आपण कोठें उभे राहणार, तें आजच ठरवून ठेवा. पोराच्या प्रश्नानें ज्या बापाला राग येतो, त्यानें तो राग जरा बाजूस ठेवून पोराची वही मागवावी आणि तें वाक्य कोणत्या रकान्यांत लिहिलें आहे, तें पाहावें. 'वाटलेलें' असेल तर पोरास समजावून सांगावें. 'पाहिलेलें' असेल तर मात्र आपण समजून घ्यावें.

शिक्षकबंधूंवर आधींच निवडणुकीचीं व शिरगणतीचीं ओझीं आहेत, हें आम्ही जाणतों. म्हणून आमचें मागणें लहान आहे. या वर्षीं एका शाळेनें एक रजिस्टर, एक प्रश्न आणि एक वही, एवढ्यावर काम सुरू करावें. जी शाळा असें टिपण तयार करील, तिनें तें आम्हांकडे पाठवावें. मुलांचीं नांवें गाळून आम्ही तें या पत्रांत छापूं, मग त्यांत आमच्या मताविरुद्ध कांहीं निघालें तरी हरकत नाहीं.

त्या बक्षीस मिळविणाऱ्या मुलीस आम्हीं दुसऱ्या आठवड्यांत घटनेची एक मराठी प्रत पाठविली व १५, १६, ३३४ आणि ३४० या कलमांच्या पानांत खुणा घालून दिल्या. तिचें मत काय होईल, तें आम्हांस ठाऊक नाहीं व आम्ही तें विचारणारहि नाहीं. परंतु तिनें उलट निरोप धाडला आहे कीं, ती एकटी वाचीत नाहीं. तिच्या त्या चिडविणाऱ्या मैत्रिणीहि तिच्याबरोबर वाचीत आहेत, आणि त्यांचें अजून भांडण मिटलेलें नाहीं. न मिटो! पुस्तक उघडें ठेवून भांडत आहेत ना, मग त्यांचें चाललें आहे तें योग्यच चाललें आहे.